गाणं पडलं काहून?

केटी पेरीचं ‘वूमन्स वर्ल्ड’ जुलै 2024 मध्ये आलं आणि बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या हॉट 100 यादीत 63 व्या नंबरवर अडकलं. त्याच्या वर ते कधी गेलंच नाही. ही तीच गायिका, जिच्या 2010 च्या एकाच अल्बममधली पाच गाणी या यादीत पहिल्या नंबरवर पोचली होती. तिच्याआधी हे फक्त मायकल जॅक्सनला जमलं होतं. त्याच 2024 च्या एप्रिलमध्ये चॅपेल रोनचं ‘गुड लक, बेब!’ यादीत शिरलं ते 77 व्या नंबरवर, म्हणजे केटीच्याही 14 पायऱ्या खाली. काही महिन्यांत ते 4 वर गेलं.

तेव्हा पहिल्या आठवड्याचा नंबर बघून ‘पडलं’ किंवा ‘चाललं’ म्हणायची घाई नको. त्या नंबरावरून एवढंच कळतं की गाण्याची वाट किती जण बघत होते. ऐकल्यावर किती जण परत आले, हे दुसऱ्या आणि तिसऱ्या शुक्रवारनंतर कळतं. आणि गाणं पडलंच असेल तर त्याची कारणं बहुतेक वेळा मोजणीत, तारखेत किंवा फॉर्म भरताना राहिलेल्या चुकीत सापडतात. सुरांपर्यंत जायची पाळी शेवटी येते.

नागपुरात ही चर्चा दोन ठिकाणी रंगते. एक फॅन ग्रुपमध्ये, जिथे पोट्टे रात्रभर फोनवर गाणं लावून झोपतात. दुसरी मानेवाडा, हुडकेश्वर, जरीपटक्यातल्या घरगुती स्टुडिओत, जिथे कुणीतरी आपली पहिली सिंगल काढायच्या तयारीत असतो. दोन्हीकडे पहिला गोंधळ एकच: कोणती यादी नेमकं काय मोजते?

हॉट 100 मध्ये तीन गोष्टींची बेरीज होते: स्ट्रीमिंग (नेटवरून ऐकणं), रेडिओ आणि विक्री. तिन्ही फक्त अमेरिकेतल्या. नागपुरातून रात्रभर लावलेल्या गाण्याने हॉट 100 चा आकडा एकानेही हलत नाही. आपलं ऐकणं धरलं जातं ते बिलबोर्डच्या ग्लोबल 200 मध्ये, ती यादी सप्टेंबर 2020 पासून सुरू आहे. त्यातही पैसे भरून ऐकणाऱ्याच्या स्ट्रीमला जास्त वजन आणि जाहिराती ऐकत फुकट ऐकणाऱ्याच्या स्ट्रीमला कमी. याच वजनाच्या वादातून यूट्यूबने डिसेंबर 2025 मध्ये जाहीर केलं की 16 जानेवारी 2026 नंतर बिलबोर्डला आकडे देणार नाही. म्हणजे यूट्यूबवर कोट्यवधींनी बघितलेला व्हिडिओ आणि बिलबोर्डवरचा नंबर यांची सांगड आता घालता येणार नाही. ज्या कलाकाराचे चाहते मुख्यतः यूट्यूबवरच आहेत, म्हणजे आपल्याकडचे जवळपास सगळेच, त्यांना याचा फटका जास्त.

ब्रिटनची यादी तर आणखी कडक. तिथे पैसे भरलेल्या 100 स्ट्रीम मिळून एक विक्री धरतात, फुकटच्या 600 मिळून एक. गाण्याला दहा आठवडे झाले आणि सलग तीन आठवडे घट दिसली, की हाच हिशोब 200 आणि 1200 असा होतो. त्यामुळे एखादं गाणं एका आठवड्यात 18 वरून थेट 40 च्या पलीकडे कोसळलेलं दिसतं आणि ग्रुपमध्ये रडारड सुरू होते. ऐकणारे तेवढेच असतात, फक्त मोजायचं माप निम्मं झालेलं असतं.

आपल्याकडे स्पॉटिफायची यादी फक्त स्पॉटिफाय मोजते, यूट्यूबची फक्त यूट्यूब. एफएम कुठेच धरलं जात नाही. मिर्ची 98.3 किंवा माय एफएम 94.3 वर दिवसातून सहा वेळा वाजलेल्या गाण्याला या याद्यांत थेट एकही गुण नाही. रेडिओवर ऐकून कुणी फोनवर शोधलं, तर त्या शोधाचा गुण. 1952 मध्ये रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची गीतमाला सुरू झाली. पुढे तिच्यात गाण्यांना नंबर द्यायला लागले, तेव्हाही दुकानांतली रेकॉर्ड विक्री आणि श्रोता संघांची पसंती अशी बेरीजच होती. कोणतीही यादी काहीतरी धरते आणि काहीतरी सोडते.

आता तारीख. यादीचा आठवडा शुक्रवार ते गुरुवार. 2015 पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी यायला लागली आणि याद्यांनी आपला आठवडाही त्याला जुळवून घेतला. तरी आपल्याकडे ‘बुधवार चांगला’, ‘एकादशीला काढू’, ‘वाढदिवसाला काढू’ हे चालतंच. त्याची किंमत हिशोबात बघा. समजा गाण्याला पहिल्या दिवशी 2 लाख स्ट्रीम मिळाल्या आणि पुढे रोज 20 टक्के घट झाली. शुक्रवारी काढलं तर पहिल्या आठवड्याची बेरीज साधारण 7 लाख 90 हजार. तेच गाणं बुधवारी काढलं तर पहिल्या आठवड्याला मिळतात बुधवार आणि गुरुवार, बेरीज 3 लाख 60 हजार. पुढच्या पूर्ण आठवड्याला 5 लाख 6 हजार. गाणं तेच, ऐकणारे तेच, पण दोन्ही आठवडे 7 लाख 90 हजारांच्या खालीच. यादीत नाव लागायला 6 लाख लागत असतील, तर शुक्रवारवाला आत आणि बुधवारवाला दोन्ही वेळा बाहेर.

दुसरा प्रश्न, त्या आठवड्यात समोर कोण आहे. एप्रिल 2024 मध्ये टेलर स्विफ्टचा अल्बम आला आणि हॉट 100 चे पहिले 14 नंबर एकट्या तिच्या गाण्यांनी घेतले. त्या आठवड्यात एरवी 8 वर बसलं असतं ते गाणं 22 वर दिसलं. डिसेंबरमध्ये जुनी नाताळची गाणी वर येतात. मराया कॅरीचं 1994 चं गाणं 2019 मध्ये पहिल्यांदा एक नंबरला पोचलं आणि तेव्हापासून डिसेंबरात नव्या गाण्याला वर जागा मिळणं अवघडच.

मराठीत नाताळची अडचण नाही, पण आपलं स्वतःचं कॅलेंडर आहे. 19 फेब्रुवारीची शिवजयंती, 14 एप्रिल, गणपती, नवरात्र. नागपुरात त्यात पोळा, तान्हा पोळा आणि मारबत, शिवाय दसऱ्याला दीक्षाभूमी. मार्च उजाडला की भीमगीतांची रांग लागते आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात इंदोऱ्यापासून कामठीपर्यंत दुसरं काही वाजत नाही. त्या दिवसांत प्रेमगीत काढणाऱ्याने नंतर ‘लोकांना कळलंच नाही’ म्हणू नये. वरातीचं गाणं असेल तर तुळशीच्या लग्नाच्या तीन-चार आठवडे आधी बाहेर हवं, कारण डीजेवाल्यांचे सेट तेव्हा बांधले जातात. सीझन सुरू झाल्यावर त्यांना नवं गाणं ऐकायलाही फुरसत नसते.

तारीख आणि यादी नीट असूनही नंबर खराब असेल, तर मग उतार वाचायचा. रोजचा आकडा एका ओळीत लिहा, किमान 21 दिवसांचा. पहिल्या दिवसाच्या तुलनेत सोमवारी किती उरलं, ते आधी बघा. नंतर पहिला शनिवार आणि दुसरा शनिवार शेजारी ठेवा. वार बदलला की आकडा आपोआप बदलतो, म्हणून शनिवारची तुलना शनिवारशीच. मग एकूण स्ट्रीमला ऐकणाऱ्यांच्या संख्येने भागा. 10 हजार लोकांनी 60 हजार वेळा ऐकलं असेल तर माणशी सहा. छान वाटतं, पण बाहेरचं माणूस आलेलं नाही, घरचेच फिरून फिरून ऐकताहेत. उलट 50 हजार लोकांनी 60 हजार वेळा ऐकलं असेल तर गाणं पोचलं सगळीकडे, पण एकदा ऐकून लोक निघून गेले. पहिल्या आजाराला प्रसिद्धीचं औषध चालतं. दुसऱ्यावर प्रसिद्धीत पैसा घालणं म्हणजे गळक्या टाकीत टँकर रिकामा करणं.

केटी पेरीच्या गाण्यात माझ्या मते दुसरा प्रकार जास्त होता. गाणं आल्याचं सगळ्यांना कळलं होतं, चर्चा भरपूर झाली, पण बरीचशी चर्चा गाण्यात वादग्रस्त निर्माता डॉ. ल्यूकचा हात का, व्हिडिओ उपरोधाचा आहे की नाही, याच्यावर. वाद ऐकायला माणूस एकदा येतो, दुसऱ्यांदा यायला गाणं लागतं. त्यात 2020 नंतर तिचा नवा अल्बम नव्हता. मधल्या काळात ऐकणारी पिढी बदलली आणि त्या उन्हाळ्यात सब्रिना कारपेंटर, चॅपेल रोन अशा नव्या पोरी त्याच जागेवर बसल्या होत्या.

लेडी गागाच्या ‘डिझीज’ची गोष्ट वेगळी. गाणं 25 ऑक्टोबर 2024 ला आलं, व्हिडिओ 29 ला. पहिल्या चार दिवसांची उत्सुकता व्हिडिओविना गेली. गाणं 27 च्या वर सरकलं नाही. पण त्याच वेळी ब्रुनो मार्ससोबतचं तिचं ऑगस्टमधलं गाणं चढतच होतं आणि जानेवारी 2025 मध्ये ते एक नंबरला पोचलं. रेडिओवाले एकाच कलाकाराची दोन नवी गाणी सारख्याच जोरात वाजवायला सहसा तयार नसतात. स्वतःचंच चालू गाणं आडवं आलं की नव्याला रेडिओ मिळत नाही. अमेरिकेत रेडिओचा भाग तसाही उशिरा येतो, स्ट्रीमिंग उतरायला लागल्यावर कित्येक आठवड्यांनी. दोन्हींची शिखरं एकाच आठवड्यात जुळली तरच मोठा नंबर दिसतो.

आपल्याकडचा सगळ्यात मोठा गळतीचा भाग मात्र रेडिओ नाही, पेन ड्राइव्ह आहे. मे महिन्यात ऊन उतरल्यावर निघालेली कुठलीही वरात बघा. गाडीवर स्पीकरची भिंत, मागे जनरेटर, लॅपटॉपवर वाकलेला डीजेवाला. गाणं सुरू होण्याआधी एका बाईच्या आवाजात मिक्स करणाऱ्याचं नाव घुमतं, मग तुमच्या गाण्याचं तोंड, वेग वाढवलेला, खाली दुसऱ्याच कुणाचा ढोल. फाइलच्या नावात एखाद्या फुकट डाउनलोडच्या साइटचं नाव, आवाज 128 केबीपीएसचा, म्हणजे हलक्या दर्जाचा. दोनशे माणसं नाचतात, शब्द पाठ आहेत. मोजणीत मिळालेली स्ट्रीम: शून्य. असं गाणं नागपूर-अमरावतीत पोराटोराच्या तोंडी असतं आणि यादीत कुठेच नसतं.

यावर इलाज आहे. डीजे मिक्स स्वतःच काढा, अधिकृत, मूळ गाण्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी. ऐकण्याची आवृत्ती आणि वाजवण्याची आवृत्ती वेगळी ठेवा. 120 बीपीएमला, म्हणजे मिनिटाला 120 ठोके असतील तर, एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. डीजेला आधीच्या गाण्यातून तुमच्यात यायला 32 ठोके नुसता ठेका लागतो, म्हणजे 16 सेकंद. तेच 16 सेकंद फोनवर ऐकणाऱ्याला नकोत. त्याच्यासाठी 8 ठोके, 4 सेकंद, आणि थेट आवाज. स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकल्याशिवाय स्ट्रीम धरत नाहीत. पहिला अर्धा मिनिट तुतारी, पावसाचा आवाज आणि संवाद यांत घालवणारे बरेच आहेत. ठेका येण्याआधीच ऐकणारा निघून जातो आणि मोजणीत काहीच येत नाही.

डीजे आवृत्तीत बेस मोनोत (दोन्ही बाजूंना एकच आवाज) ठेवा, कारण वरातीच्या गाडीवर डावं-उजवं असं काही उरत नाही. आणि मास्टरिंगमध्ये, म्हणजे गाण्याच्या शेवटच्या सफाईत, लिमिटर दाबून आवाज फुगवायचा मोह आवरा. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे 14 एलयूएफएसच्या (हे आवाजाचा मोठेपणा मोजायचं माप) पातळीवर आणून वाजवतं. उणे 7 ला पिळून काढलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि शेजारच्या गाण्यापुढे चपटं वाटतं. यूट्यूबवर डिस्ट्रिब्युटरकडून (तुमचं गाणं सगळ्या ॲपवर चढवणारी कंपनी) कंटेंट आयडी, म्हणजे दुसऱ्यांच्या व्हिडिओतलं तुमचं गाणं ओळखणारी सोय, लावून घ्या. डीजेवाल्यांनी टाकलेल्या मिक्सवर दावा करा, पण ते काढून टाकू नका; यूट्यूबच्या गाण्यांच्या यादीत लोकांनी तुमचं गाणं वापरून टाकलेल्या व्हिडिओंचेही व्ह्यूज जमेस धरतात.

रीलचंही असंच. रीलवर वाजलेलं गाणं स्पॉटिफायची स्ट्रीम होत नाही. जळगावच्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ 2024 मध्ये रीलवरून उचललं गेलं, पण रील बघणारा माणूस पूर्ण गाण्यापर्यंत पोचला म्हणून ते याद्यांत दिसलं. बऱ्याच गाण्यांत ही साखळी मधेच तुटते. सगळ्यात जास्त दिसणारं कारण असं: एखादं डान्स पेज गाणं स्वतःच्या व्हिडिओतून चढवतं, ते ‘ओरिजिनल ऑडिओ’ म्हणून त्या पेजच्या नावावर बसतं आणि पुढची हजारो रील त्याच ऑडिओवर बनतात. तिथून तुमच्या गाण्याकडे रस्ताच नाही. म्हणून पहिल्या रीलच्या आधी अधिकृत ऑडिओ इन्स्टाग्रामच्या लायब्ररीत आला आहे का, हे स्वतः फोनवर शोधून बघा आणि रील बनवणाऱ्यांना त्याचीच लिंक द्या. क्लिप कुठून सुरू व्हावी, हे सेकंदात लिहायची जागा बऱ्याच डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्ममध्ये असते. ती रिकामी सोडली तर क्लिप भलतीकडूनच सुरू होऊ शकते. आणि रीलमधली ओळ गाण्यात 1 मिनिट 10 सेकंदांनी येत असेल, तर शोधून आलेला माणूस तिथवर थांबत नाही.

फॉर्मच्या चुका कंटाळवाण्या, पण सगळ्यात महाग. प्रत्येक रेकॉर्डिंगला 12 अक्षरी आयएसआरसी क्रमांक असतो. भारतात तो देणारी संस्था म्हणजे आयएमआय (इंडियन म्युझिक इंडस्ट्री). आधी एका डिस्ट्रिब्युटरकडून काढलं, नंतर दुसऱ्याकडे गेलात आणि तिथे नवा क्रमांक घेतलात, तर तेच गाणं दोन गाणी म्हणून मोजलं जातं आणि जुन्या स्ट्रीम जुन्याजवळच राहतात. जुना क्रमांक, तीच ऑडिओ फाइल आणि तेच नाव नव्या फॉर्ममध्ये भरा. नावाचा प्रश्न दुसरा. राहुल, अक्षय, प्रशांत अशा नावांचे गायक ढिगाने आहेत. गाणं सारख्या नावाच्या भलत्याच गायकाच्या पानावर जाऊन बसतं आणि शुक्रवारी त्याच्या फॉलोअर्सना पोचतं. फॉर्ममध्ये आपल्या प्रोफाइलची लिंक दिली की हे टळतं. तिसरं, रोमन अक्षरांतलं गाण्याचं नाव. ‘साडी’ कुणी डी लावून लिहितो, कुणी आर आणि दोन ई लावून. कव्हरवर एक, यूट्यूबवर दुसरं, स्पॉटिफायवर तिसरं असं असेल तर शोधणारा हरवतो. एकच निवडा, आणि वर्णनात बाकीचीही लिहा.

स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स या कलाकारांसाठीच्या ॲपमधून प्लेलिस्टच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तर ते येण्याआधीच. किमान सात दिवस आधी पाठवलं तर फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये (नव्या गाण्यांची दर आठवड्याची प्लेलिस्ट) तुम्ही निवडलेलं गाणं जातं. डिस्ट्रिब्युटरकडून गाणं तिथे दिसायलाच काही दिवस जातात, म्हणून फाइल चार आठवडे आधी चढवावी. एका वेळी एकच गाणं पाठवता येतं. वर्णनाला 500 अक्षरं मिळतात. त्यात ‘हे गाणं हृदयाला भिडेल’ लिहून ती वाया घालवू नका. भाषा वऱ्हाडी आहे, संबळ कुठे वाजलाय, व्हिडिओ कोणत्या तारखेला येतोय, रीलसाठी कोणाशी बोलणं झालंय, हे लिहा. संपादकाला ठरवायला हेच लागतं.

शेवटी बाजार. ‘दहा हजारांत एक लाख स्ट्रीम’ असे मेसेज प्रत्येक नव्या गायकाला येतात. त्या स्ट्रीम बॉटच्या, म्हणजे माणसाऐवजी गाणं वाजवणाऱ्या प्रोग्रामच्या असतात. ओळखायची खूण: गाणं वऱ्हाडी आणि ऐकणाऱ्यांच्या यादीत सगळ्यात वर परदेशातलं एखादं शहर, गाणं सेव्ह करणारे जवळपास शून्य. अशा बनावट स्ट्रीमसाठी स्पॉटिफाय डिस्ट्रिब्युटरला दंड लावतं, डिस्ट्रिब्युटर तो तुमच्याकडून वसूल करतो आणि गाणं उतरवूही शकतो. त्यात 2024 पासून वर्षभरात हजार स्ट्रीम न झालेल्या गाण्याला तिथे पैसे मिळत नाहीत, म्हणून लोक घाबरून आणखी विकत घेतात.

यूट्यूबवरची जाहिरात बेकायदा नाही, पण तिचा यादीला उपयोग नाही. जुलै 2019 मध्ये बादशाहच्या ‘पागल’ला 24 तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाले, त्यात जाहिरातीतून आलेले व्ह्यूज होते आणि यूट्यूबने विक्रम मान्य केला नाही. सप्टेंबरमध्ये नियमच केला: संगीताच्या याद्यांत आणि 24 तासांच्या विक्रमात जाहिरातीचे व्ह्यूज धरणार नाही. व्हिडिओखालचा आकडा मात्र त्यांच्यासकट दिसत राहतो. 50 लाख व्ह्यूज आणि 900 कमेंट असं चित्र असलं की समजून जायचं.

गाणं साधारण चार आठवडे रिलीज रडारमध्ये राहू शकतं. तोवर डीजे मिक्स काढून, तुटलेली लिंक जोडून, चुकलेलं प्रोफाइल सुधारूनही दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवारचा आकडा घसरतच असेल, तर जाहिरातीचे उरलेले पैसे तिथेच थांबवा. ते पुढच्या गाण्याच्या व्हिडिओला लावा, आणि तो व्हिडिओ गाण्याच्याच दिवशी येईल असं बघा.